रक्तातले राखणदार

इ. स. १९८६ हे साल रोहेकरांच्या आठवणीत राहिले आहे ते आगगाडीमुळे. आपट्याच्या पुढचा लोहमार्ग त्या वर्षी पेण, नागोठणे करीत कुंडलिकेच्या काठी येऊन पोहोचला आणि मुंबई हाकेच्या अंतरावर आल्यासारखी वाटू लागली. पुढे १९९८ साली कोकण रेल्वे पुरी झाली, तेव्हा तिचा आरंभही रोह्यापासूनच धरला गेला.

त्याच साली मद्रासेत एक गोष्ट घडत होती आणि सातासमुद्रांपलीकडे सॅन फ्रान्सिस्को शहरी दुसरी. रोह्याच्या रेल्वेशी त्या दोहोंचा काडीइतकाही संबंध नव्हता. तरी या तीन गोष्टी एकाच सालात याव्यात याचे मला नवल वाटत आले आहे. एकीने माणसांची ये-जा वाढवली. दुसरीने एक नवा रोग देशात येऊन पोहोचल्याची वर्दी दिली. तिसरीने त्या रोगाला माणसाचे रक्त स्वतःच्या बळावर आवर घालू शकते, याचा पुरावा दिला. पहिली बातमी गावभर झाली. दुसरीने देश हादरला. तिसरी मात्र प्रयोगशाळांच्या भिंतींबाहेर फारशी आलीच नाही. आज मला सांगायची आहे ती मुख्यतः या तिसरीची कथा. पण क्रमाने जायचे तर आधी मद्रासेला गेले पाहिजे.

मद्रास मेडिकल कॉलेजात तेव्हा डॉ. सुनीती सॉलोमन या सूक्ष्मजंतुशास्त्र शिकवीत असत. आडनावावरून मराठी वाचकाला ओळख पटणार नाही, परंतु त्या माहेरच्या गायतोंडे. चामड्याच्या व्यापारानिमित्त मद्रासेत स्थिरावलेल्या मराठी कुटुंबात १९३९ साली त्यांचा जन्म झाला. अमेरिकेत १९८१ पासून गाजत असलेला एड्स हा रोग आपल्याकडे येणे शक्य नाही, आपली राहणी निराळी आहे, असे त्या काळी पुष्कळ शहाणी माणसे ठामपणे म्हणत. सुनीतीबाईंनी म्हटले, तपासून तर पाहू. त्यांनी आपल्या निर्मला नावाच्या विद्यार्थिनीला तो विषय प्रबंधासाठी दिला. देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांचे रक्ताचे नमुने निर्मलाबाईंनी जमवले. ते ठेवायला सोय नव्हती, म्हणून घरच्या फ्रिजमध्ये ठेवले. आणि चाचणीची सामग्री मद्रासेत नव्हती, म्हणून ते घेऊन त्या वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात गेल्या. त्यांतले सहा नमुने दोषी निघाले. अमेरिकेत फेरतपासणी झाली; निकाल तोच आला. मे १९८६ मध्ये तामिळनाडूच्या विधानसभेत ही वार्ता जाहीर करण्यात आली.

त्यानंतरची काही वर्षे भीतीची होती. मुंबई हे या रोगाचे मोठे ठाणे ठरले आणि मुंबईशी ज्याचे पोट बांधलेले त्या कोकणाला त्याची झळ लागणे अपरिहार्य होते. मुंबई-गोवा रस्ता पेण, वडखळ, नागोठणे, कोलाड असा आमच्या दारावरूनच जातो. रोगाला जात नसते आणि रस्त्याला दार नसते. एकेका घरातला कर्ता पुरुष खंगून गेल्याच्या, मागोमाग त्याची बायको गेल्याच्या हकिगती दबक्या आवाजात सांगितल्या जात. रोगाचे नाव मात्र कोणी घेत नसे. 'त्याला तो झाला होता' एवढेच. आणि 'तो' झाला म्हणजे माणूस संपला, हे सगळ्यांनी गृहीत धरलेले असे.

हे गृहीतच मुळात अपुरे होते. विषाणू अंगात शिरल्यापासून माणूस आजारी पडेपर्यंत, औषधाचा थेंब न घेताही, सरासरी आठ-दहा वर्षे जातात. ती वर्षे कोण राखते?

मी शाळामास्तर आहे, वैद्य नव्हे. दरवर्षी १ डिसेंबरला, म्हणजे जागतिक एड्स दिनी, आम्ही मुलांची प्रभातफेरी काढतो. एका वर्षी फेरी आटोपल्यावर आठवीतल्या एका मुलीने मला विचारले, "सर, रक्तात शिपाई असतात असं पुस्तकात आहे. मग या रोगात ते शिपाई करतात तरी काय?" प्रश्न सरळ होता. त्याचे उत्तर शोधायला निघालो, तेव्हा कळले की ते उत्तर मिळवायला जगाला जवळपास अर्धे शतक लागले आहे. आणि त्याची सुरुवात विषाणूपासून नव्हे, कोंबडीपासून होते.

अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात ब्रूस ग्लिक नावाचा एक तरुण कोंबड्यांच्या शेपटाजवळ असलेल्या एका लहानशा पिशवीचा अभ्यास करीत होता. तिला 'बर्सा' म्हणतात. ती कशासाठी असते, हे कोणाला ठाऊक नव्हते. ग्लिकने काही पिलांची ती पिशवी काढून टाकली; पिले वाढली, तिचे काम काय ते काही कळेना. पुढे टिमोथी चँग या त्याच्या मित्राला वर्गात प्रात्यक्षिक दाखवण्यासाठी कोंबड्या हव्या होत्या. त्याने ग्लिककडून त्याच नेल्या. रोगजंतू टोचल्यावर कोंबडीच्या रक्तात त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात, एवढेच दाखवायचे होते. पण या कोंबड्यांच्या रक्तात ती तयार होईनात. प्रात्यक्षिक फसले आणि शोध लागला. एका नामांकित नियतकालिकाने त्यांचा निबंध साभार परत केला, तेव्हा १९५६ साली तो कुक्कुटपालनाच्या मासिकात छापून आला. शरीररक्षणाच्या शास्त्रातला एक मोठा शोध कितीतरी दिवस कोंबड्या पाळणाऱ्यांनीच वाचला असेल!

दुसरा शोध लंडनचा. छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते. लहानपणी ती मोठी असते आणि वयात आल्यावर झिजत जाते. म्हणून मराठीत तिला यौवनलोपी ग्रंथी असे सुरेख नाव आहे. ती निरुपयोगी आहे, असेच पुष्कळांचे मत होते. जॅक मिलर या तरुण संशोधकाने नुकत्याच जन्मलेल्या उंदरांची ती ग्रंथी काढली. ते उंदीर काही आठवड्यांनी खंगू लागले, साध्या संसर्गाने मरू लागले. त्यांच्या अंगावर परक्या उंदराची कातडी लावली तरी शरीर ती झिडकारीना. मिलरने १९६१ साली हे प्रसिद्ध केले. आपले कोण आणि परके कोण, हे ओळखणाऱ्या पेशी या ग्रंथीत तयार होतात, असे त्यावरून ठरले.

बर्साच्या आद्याक्षरावरून एका जातीच्या पेशींना 'बी' पेशी आणि थायमसच्या आद्याक्षरावरून दुसरीला 'टी' पेशी म्हणतात. बी पेशी प्रतिपिंडे तयार करतात. ती रक्तात मोकळी हिंडतात आणि वाटेत भेटलेल्या जंतूला चिकटतात. टी पेशींचे काम निराळे, आणि आपल्या कथेचे नायक तेच.

टी पेशी जन्मतात हाडांतल्या मज्जेत, शिकतात थायमसमध्ये. ही शाळा मात्र आमच्या शाळेसारखी सगळ्यांना वरच्या वर्गात ढकलणारी नव्हे. इथे दोन परीक्षा असतात. स्वतःच्या शरीराची खूण ज्या पेशीला वाचताच येत नाही ती नापास; आणि जी स्वतःच्या शरीरावरच धावून जाते तीही नापास. नापास होणे म्हणजे मरणे. शंभरातल्या नव्वदांहून अधिक पेशी या शाळेतून बाहेर पडत नाहीत. ज्या पडतात त्यांची दोन मुख्य घराणी आहेत. एक मदतनीस टी पेशींचे. त्यांच्या अंगावर 'सीडी ४' नावाची खूण असते. त्या इतरांना हुकूम देतात, जागे करतात, बळ पुरवतात. दुसरे मारक टी पेशींचे. त्यांची खूण 'सीडी ८'. जी पेशी विषाणूने बिघडली आहे तिला गाठून ठार करणे हे त्यांचे काम.

पण एखादी पेशी आतून बिघडली आहे, हे बाहेरून कसे कळावे? याचा उलगडा रॉल्फ झिंकरनागेल आणि पीटर डोहर्टी यांनी ऑस्ट्रेलियात कॅनबेरा येथे उंदरांवर प्रयोग करून १९७४ साली केला आणि त्याबद्दल १९९६ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. तो उलगडा पेणच्या माणसाला चटकन समजेल. आमच्या हमरापूर-जोहे भागात घरोघर गणपतीचे कारखाने आहेत. समजा, प्रत्येक कारखान्याने आत जे काही घडते आहे त्याचा एकेक तुकडा, कुठे सोंड, कुठे कान, कुठे मुकुट, ओटीवरच्या फळीवर मांडून ठेवावा असा दंडक आहे. रस्त्याने फिरणारा राखणदार आत शिरत नाही. फळी पाहतो आणि पुढे जातो. एखाद्या फळीवर गणपतीचा नसलेला, भलताच तुकडा दिसला, तर आत परक्याने ताबा घेतला आहे हे तो ओळखतो आणि तो कारखाना बंद पाडतो. आपल्या शरीरातल्या जवळजवळ सर्व पेशी अशीच आतल्या प्रथिनांचे तुकडे बाहेर मांडीत असतात आणि मारक टी पेशी ती फळी वाचीत हिंडत असतात. ही फळी माणसागणिक थोडी निराळी असते. हे ध्यानात ठेवावे. पुढे त्याचे काम पडणार आहे.

एवढे ज्ञान पदरात पडले होते तोच १९८१ साल उजाडले. ५ जून रोजी अमेरिकेच्या सरकारी रोगवृत्तात लॉस एंजेलिसच्या पाच तरुणांची हकिगत छापून आली. एरवी निरोगी माणसाला न होणारा एक फुप्फुसदाह त्यांना झाला होता. पुढे अशा रोग्यांचे रक्त तपासले, तेव्हा मदतनीस टी पेशी जवळजवळ नाहीशा झालेल्या आढळल्या. दहा वर्षे आधी ही मोजणीच करता आली नसती, कारण मदतनीस आणि मारक यांना वेगळे मोजण्याची साधने तेव्हा नुकतीच हाती आली होती. १९८३ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेत फ्रान्स्वाज बारे-सिनूसी आणि ल्यूक माँताग्निए यांनी तो विषाणू शोधला. २००८ साली नोबेल पारितोषिकाने त्यांचा गौरव झाला. आणि १९८४ च्या अखेरीस समजले की मदतनीस पेशींवरची 'सीडी ४' ही खूणच या विषाणूचा दरवाजा आहे. ज्यांनी फौज जागी करायची त्यांच्याच घरात शत्रू शिरतो! पाटलाच्या वाड्यातच दरोडेखोराने बिऱ्हाड थाटावे, तसा हा प्रकार.

मग सगळे संपलेच, असे वाटणे स्वाभाविक होते. पण एक गोष्ट जमत नव्हती. लागण झालेली कितीतरी माणसे वर्षानुवर्षे धडधाकट होती. सॅन फ्रान्सिस्कोत जे लेव्ही यांच्या प्रयोगशाळेत अशाच माणसांचे रक्त तपासले जात होते. अंगात विषाणू आहे हे नक्की. पण त्यांच्या पेशी काचपात्रात वाढवल्या, तर विषाणू वर डोके काढीना. मग संशोधकांनी त्यातल्या 'सीडी ८', म्हणजे मारक घराण्याच्या, पेशी वेचून बाहेर काढल्या. विषाणू भराभर वाढला. त्या पेशी परत घातल्या. विषाणू पुन्हा दबला. डिसेंबर १९८६ मध्ये हा निबंध प्रसिद्ध झाला. रोह्याच्या रेल्वेच्या साली घडलेली तिसरी गोष्ट म्हणून मी आरंभी सांगितली ती हीच.

पुढच्याच वर्षी बोस्टनच्या ब्रूस वॉकर यांनी रोग्यांच्या रक्तात नेमक्या याच विषाणूला ओळखून मारणाऱ्या टी पेशी दाखवून दिल्या. १९९४ साली आणखी एक दुवा सापडला. लागण झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत रक्तातला विषाणू भडकतो. नंतर तो एकाएकी खाली येतो. तो खाली येतो त्याच सुमारास या मारक पेशी रक्तात दिसू लागतात. प्रभावी प्रतिपिंडे त्यानंतर येतात. तरीही कोणी म्हणू शकले असते की हा योगायोग आहे. ती शंका १९९९ साली फिटली. माकडांना या विषाणूचा जो भाऊबंद लागतो, त्याची लागण झालेल्या माकडांच्या रक्तातून 'सीडी ८' पेशी तात्पुरत्या काढून टाकल्या, विषाणू उसळला. पेशी परत आल्या, विषाणू ओसरला. काचेच्या नळीत दिसलेले सत्य जिवंत शरीरातही खरे ठरले.

'आवर घालणे' म्हणजे नक्की काय, हे समजायला आमच्या खारेपाटाइतका चांगला धडा मिळणार नाही. धरमतरच्या खाडीलगत पेण तालुक्यातली भातशेती समुद्राच्या भरतीरेषेच्या खाली आहे. मातीच्या बांधांनी तिला राखले आहे. यालाच खारबंदिस्ती म्हणतात. पूर्वी बांधाची डागडुजी गावकरी एकत्र येऊन करीत. त्या पद्धतीला 'जोळ' म्हणत. पुढे १९४८ च्या आणि मग १९७९ च्या खारभूमी कायद्याने ते काम सरकारकडे गेले. बांध समुद्राला आटवीत नाही. समुद्र तिथेच असतो, दिवसातून दोनदा बांधाशी येऊन भिडतो, अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला जोर करतो. बांध शाबूत असेतोवर आत भात पिकते. कुठे खेकड्याने बीळ केले, कुठे माती खचली आणि लक्ष गेले नाही, तर खांड पडते. आणि खारे पाणी एकदा शिरले की ती जमीन कित्येक वर्षे पीक देत नाही.

टी पेशींचा आवर हा असा आहे. विषाणू देहात राहतो. रोज नवा जन्मत असतो आणि रोज मारला जात असतो. पहिल्या चढाईनंतर ज्या पातळीला तो स्थिरावतो ती पातळी जितकी खाली, तितका माणूस जास्त वर्षे निरोगी. मग अखेर बांध का फुटतो? त्याची तीन कारणे सापडली आहेत. एक, हा विषाणू आपली नक्कल करताना सतत चुका करतो. चुकता चुकता त्याचे रूप असे बदलते की फळीवरचा तुकडा राखणदाराला ओळखू येत नाही. दोन, वर्षानुवर्षे झुंजून मारक पेशी थकतात. त्या जिवंत असतात, पण त्यांचा मारा बोथट होतो. तीन, ज्यांनी त्यांना बळ पुरवायचे त्या मदतनीस पेशीच दिवसेंदिवस घटत जातात. निरोगी माणसाच्या रक्ताच्या एका घनमिलिमीटरात त्या साधारण ५०० ते १५०० असतात. २०० च्या खाली गेल्या, की एरवी निरुपद्रवी असलेले जंतू आणि आपल्याकडे मुख्यतः क्षय, उघड्या शेतात गुरे शिरावीत तसे शिरतात. त्या अवस्थेला एड्स म्हणतात.

आणि तरीही, लागण झालेल्या शंभरांत एकाहूनही कमी, पण अशी काही माणसे आहेत की ज्यांचा बांध औषधावाचून वर्षानुवर्षे टिकतो. रक्तात विषाणू मोजायला गेले तर सापडत नाही. त्यांचे गुपित काय? २०१० साली देशोदेशींच्या संशोधकांनी अशा माणसांचे आनुवंशिक द्रव्य तपासून पाहिले. उत्तर मुख्यतः त्या ओटीवरच्या फळीत सापडले. काही लोकांची फळीच अशी असते, की तिच्यावर विषाणूचा नेमका तो तुकडा मांडला जातो, जो बदलला तर विषाणूच लंगडा होतो. चोराला वेष पालटता येतो. पण पाय पालटायला गेला तर पळणार कशाने? 'बी ५७' आणि 'बी २७' या नावाच्या फळ्या त्यांत विशेष गुणाच्या ठरल्या. यात त्या माणसाचे पुण्य नाही, तसे ज्याची फळी निराळी त्याचे पापही नाही.

मग मनात येणारच: जे काही थोड्यांना जन्मतः मिळाले ते लस टोचून सगळ्यांना देता येईल काय? या प्रश्नाने आपल्याला पुण्याला नेले आहे. भोसरी येथे १९९२ साली राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था स्थापन झाली. अलीकडे तिचे नाव बदलून राष्ट्रीय रूपांतरी विषाणुशास्त्र व एड्स संशोधन संस्था असे झाले आहे. आपल्याकडे या विषाणूचा 'सी' नावाचा उपप्रकार जास्त पसरलेला आहे. त्याविरुद्धच्या लसीची भारतातली पहिली मानवी चाचणी फेब्रुवारी २००५ मध्ये याच संस्थेत सुरू झाली. एका निरुपद्रवी विषाणूच्या पाठीवर एचआयव्हीच्या जनुकांचे काही तुकडे घालून ते शरीराला दाखवायचे, म्हणजे राखणदार आधीच सावध होतील, अशी ती कल्पना. त्या तुकड्यांपासून लागण होणे शक्य नव्हते. ३० निरोगी स्त्री-पुरुष आपखुशीने पुढे आले.

त्या तीस जणांची नावे प्रसिद्ध झालेली नाहीत, आणि ते योग्यच आहे. पण मला त्यांचे मोल फार वाटते. ज्या रोगाचे नाव उच्चारायला लोक कचरत होते, त्याच्या लसीसाठी आपला दंड पुढे करायचा. आणि त्यातून आपल्याला काही मिळणार नाही, मिळाले तर पुढच्यांना, हे पुरते समजून करायचा! आपल्या प्रांताला अशा माणसांची परंपरा आहे. १४ जून १८०२ रोजी मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली गेली. भारतात लस लागलेली ती पहिली व्यक्ती, आणि तिच्या दंडावरच्या फोडातून ती लस पुढे सरकली. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी मुंबईतच प्लेगची नवी लस प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. पुण्याचे तीस जण त्याच ओळीत बसणारे आहेत.

लस निर्धोक ठरली, परंतु तिने जागवलेला प्रतिकार क्षीण होता. ती बाजूला ठेवावी लागली. २००७ च्या सप्टेंबरात तर परदेशात हजारो लोकांवर चाललेली, टी पेशींनाच चेतवणाऱ्या दुसऱ्या लसीची चाचणी मध्येच थांबवावी लागली. त्या लसीने टी पेशी जाग्या झाल्या होत्या, तरी लागण टळली नाही. पुण्यात आणि चेन्नईत २००९ साली दोन लसी एकामागून एक देण्याचा प्रयोग झाला. आजतागायत या रोगावर बाजारात लस आलेली नाही. राखणदार जागे करणे निराळे आणि योग्य तुकड्यावर, योग्य वेळी, पुरेशा बळाने जागे करणे निराळे, हा धडा मात्र या अपयशांनी दिला.

जे लसीला साधले नाही ते औषधाने साधले. १९८७ साली पहिले औषध आले. १९९६ पासून तीन औषधे एकत्र देण्याचा उपाय रूढ झाला. ही औषधे विषाणूला मारीत नाहीत, त्याची नक्कल होणे थांबवतात. बांधाबाहेरचे उधाणच ओसरले म्हणा ना! मग राखणदारांना उसंत मिळते, मदतनीस पेशींची संख्या पुन्हा वाढू लागते. पण वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरांच्या घरात होता; गरिबाने तो आकडा नुसता ऐकावा. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीचे युसूफ हमीद यांनी हीच औषधे वर्षाला ३५० डॉलरांत, म्हणजे दिवसाला एका डॉलरहून कमी किमतीत, परोपकारी वैद्यकीय संस्थेला देऊ केली आणि जगभरच्या किमती कोसळल्या. या कंपनीचा एक कारखाना आमच्याच रायगड जिल्ह्यात पाताळगंगेला आहे, हे सांगताना मला थोडा अभिमान वाटला तर वाचकांनी तो क्षम्य मानावा.

१ एप्रिल २००४ पासून भारत सरकारने ही औषधे फुकट द्यायला सुरुवात केली. पहिल्या मोजक्या केंद्रांत मुंबईचे जे. जे. रुग्णालय होते. आरंभी मदतनीस पेशींची संख्या ठरावीक आकड्याखाली घसरली तरच औषध मिळे. २०१७ पासून लागण आढळताच औषध सुरू करतात. बांधाला खांड पडेपर्यंत थांबायचे कशाला? वेळेवर आणि नेमाने औषध घेणारा माणूस आज जवळपास इतरांइतकेच आयुष्य जगू शकतो. त्याच्या रक्तातला विषाणू मोजणीत दिसेनासा झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातूनही तो जोडीदाराला लागत नाही. लागण असलेल्या आईने औषध घेतले, तर बाळ बहुधा निर्दोष जन्मते.

तथापि औषध हा शेवट नव्हे. १९९७ साली असे आढळले की काही मदतनीस पेशींत हा विषाणू निजून राहतो. निजलेला कारखाना फळीवर काहीच मांडीत नाही. मग राखणदाराला तो दिसणार कसा? औषध थांबवले की थोड्या आठवड्यांत तो जागा होतो. संपूर्ण बरे झालेले रोगी जगात अगदी मोजके आहेत, आणि तेही बहुतेक रक्ताच्या कर्करोगासारख्या दुखण्यासाठी मज्जारोपण झाल्यामुळे. म्हणून आजचे पुष्कळ संशोधन याच वाटेने चालले आहे: निजलेल्याला जागे करायचे, किंवा थकलेल्या मारक पेशींना पुन्हा धार लावायची, म्हणजे रोजच्या गोळीवाचूनही आवर टिकेल.

भारतात आज सुमारे २५ लाख माणसे हा विषाणू अंगात घेऊन जगत आहेत, आणि राज्याराज्यांत पाहिले तर त्यांची संख्या महाराष्ट्रात सर्वांत जास्त आहे. ती बहुतेक आपल्यासारखीच कामाला जातात, दिवाळीला कंदील लावतात, मुलांचा अभ्यास घेतात. २०१७ साली त्यांच्यासाठी कायदा झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून तो अंमलात आला. या कारणावरून कोणाला शाळेतून, नोकरीतून, दवाखान्यातून दूर ठेवणे आता बेकायदा आहे. कायदा करावा लागला, यातच काय ते आले. एका गावातल्या शाळेत अशा एका मुलाला वेगळ्या बाकावर बसवलेले मी स्वतः पाहिले आहे. त्याच्या रक्तातले राखणदार आपले काम चोख करीत होते. त्याची गोळी तो रोज न चुकता घेत होता. बाकावर बसल्याने, हातात हात घेतल्याने, डब्यातली भाकर वाटून खाल्ल्याने हा विषाणू लागत नाही, हे तर १९८० च्या दशकातच सिद्ध झाले होते. आत इतका बंदोबस्त असताना बाहेर मात्र त्या मुलाच्या बाजूने उभा राहणारा कोणी नव्हता. पुढे त्याच्या वर्गातल्याच एका मुलाने आपले दप्तर उचलून त्याच्या बाकावर नेऊन ठेवले, आणि मग दुसऱ्यानेही. मोठ्यांना सुचले नाही ते त्या पोरांना सुचले.

सुनीतीबाईंनी १९९३ साली चेन्नईत आपल्या वडिलांच्या, वाय. आर. गायतोंडे यांच्या, नावाने या रोग्यांसाठी संस्था काढली आणि इतर डॉक्टर हात लावायला कचरत होते त्या काळी रोग्यांना जवळ घेतले. २०१५ च्या जुलैत त्या वारल्या. २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री देण्यात आली. त्यांनी दिलेली पहिली बातमी भयाची होती, पण पुढची एकोणतीस वर्षे त्यांनी ते भय उतरवण्यात घालवली.

आठवीतल्या त्या मुलीला मी अखेर सांगितले, ते असे: "शिपाई पळून जात नाहीत, बाळ. ते पहिल्या दिवसापासून लढतात, आणि त्यांच्यातलेच कितीएक शत्रूच्या हाती सापडतात, तरी वर्षानुवर्षे किल्ला राखतात. गोळी त्यांना रसद पुरवते." तिने क्षणभर विचार केला आणि विचारले, "मग आपण काय पुरवायचं?" तिच्या शेजारी बसलेल्या मुलीने उत्तर दिले, "बाकावर जागा." मी फळ्याकडे वळलो आणि पुढचा धडा सुरू केला.